नवा प्रशिक्षक एकटा आला नव्हता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑगस्ट ते डिसेंबर 2024 मी अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनला मुलीकडे होतो. सांगली जिल्ह्यात 31 वर्षे कॉलेजच्या पोरांना कबड्डी शिकवली, त्यामुळे तिथल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ (चेंडू हातात घेऊन पळायचा, हेल्मेट घालून खेळायचा तो फुटबॉल) बघायची ओढ होतीच.

2023 मध्ये हा संघ 12 पैकी 9 सामने हरला होता. मग कर्ट सिग्नेटी मुख्य प्रशिक्षक म्हणून आले आणि पुढच्याच हंगामात संघाने ओळीने दहा सामने जिंकले. दहावा मी मैदानात बसून पाहिला. 9 नोव्हेंबर, समोर आदल्या हंगामाचे राष्ट्रीय विजेते मिशिगन. मध्यंतरापर्यंत सोपा वाटलेला सामना नंतर हातातून निसटत चालला. शेजारचे वयस्कर गृहस्थ गुडघ्यांवर मुठी आवळून बसले होते, बोलणं बंद. 20-15 असा सामना संपला तसं त्यांनी माझा दंड धरून मला उभंच केलं. चाळीस वर्षं येतोय, एवढंच म्हणाले आणि डोळे पुसले. एका हंगामात दहा विजय त्या विद्यापीठाच्या इतिहासात त्याआधी कधी झालेच नव्हते.

पुढे ओहायो स्टेटकडून 38-15 असा मार बसला, पण परड्यूला 66-0 धुतलं. 20 डिसेंबरला नोत्र दामकडून 27-17 अशी हार झाली आणि हंगाम संपला : 11 विजय, 2 पराभव.

मला लिहायचंय ते वेगळंच. सिग्नेटी आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आपले आक्रमण आणि बचावाचे प्रशिक्षक घेऊन आले, शिवाय तिथले 13 खेळाडू! त्यातला पॉन्ड्स हा बचावपटू जेमतेम पाच फूट नऊ इंच. आपल्याकडे निवड चाचणीत उंची बघूनच त्याला बाजूला काढला असता. वॉशिंग्टनविरुद्ध त्याने समोरच्यांचा पास मध्येच पकडला आणि थेट पलीकडची रेषा गाठली. या पोराचा दम प्रशिक्षकाला आधीपासून ठाऊक होता.

आमच्याकडे? एका कॉलेजने मला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आठ दिवस आधी बोलावलं. संघ आधीच निवडलेला, मदतनीस कोणी नाही. पोरांची नावं पाठ होईपर्यंत आम्ही हरून परत आलो होतो. पुढच्या वर्षी प्रशिक्षक बदलला, त्यालाही आठच दिवस मिळाले. त्या पोरांचे उतरलेले चेहरे मला अजून दिसतात.

कॉलेजांनी प्रशिक्षक जूनमध्ये नेमावा, निदान तीन वर्षांसाठी. संघ त्याला निवडू द्यावा, एक सहायक त्याच्या पसंतीचा द्यावा. आणि आपल्या क्रीडा पानावर निकालाबरोबर एवढंही छापा, की प्रशिक्षक संघाकडे कधी आला.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली