मागचा टायर बदलून मगच निघ

कराड

चि. मधुरा हिस अनेक आशीर्वाद.

तू घेतलेल्या जुन्या मोटरसायकलच्या टायरचे फोटो पाठवलेस, ते मोठे करून बघितले. ‘आप्पा, खाचा अजून बऱ्याच आहेत, गणपतीला यायला चालतील ना?’ असं विचारलंयस. मागचा चालणार नाही. पुढच्याचं हात लावल्याशिवाय सांगता येत नाही, पण जोडी एकदमच बदल असं मी म्हणेन. फोनवर तू नुसतं ‘हो, हो’ म्हणतेस आणि तेवढ्यात आई फोन काढून घेते, म्हणून लिहून पाठवतोय.

मागच्या टायरच्या कडेला लंबगोल चौकटीत चार आकडे आहेत, १४२१. म्हणजे २०२१ सालच्या चौदाव्या आठवड्यात तो कारखान्यातून निघाला. गाडी विकणारा ‘फक्त नऊ हजार किलोमीटर चाललीय’ म्हणाला ते खरंही असेल. पण रबर उभ्या गाडीवरसुद्धा कडक होत जातं. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवा आणि दहा वर्षांनी, चाललेला असो वा नसो, काढूनच टाका, असं टायर कंपन्याच सांगतात.

वय जरा बाजूला ठेवू. स्टीलची फूटपट्टी घे आणि टायरवर आडवी ठेव. नव्या टायरवर ती मधोमध एका जागी टेकते आणि दोन्हीकडे डुगडुगते. तुझ्या टायरवर ती सपाट बसेल, फोटोवरूनच दिसतंय. सरळ हायवेवर गाडी पळाली की मधलाच भाग घासतो. तू मोजलेल्या खाचा सगळ्या कडेच्या आहेत, त्यांना रस्ता फारसा लागलेलाच नाही. असा टायर सरळ रस्त्यावर काही बोलत नाही. वळणावर मात्र गाडी कलायला आधी कुरकुरते आणि मग एकदम आत पडते. ओल्या घाटात हे नको. कायद्यानं दुचाकीला ०.८ मिलिमीटर खाच चालते. कडेला टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं, त्याच्या समोर खाचेत छोटा उंचवटा असतो, तिथपर्यंत. पावसाळ्यात तिथपर्यंत वाट बघणारा माणूस मी एसटीतल्या माझ्या सेक्शनला ठेवला नसता.

पुढच्या टायरवरून तळहात फिरव, आधी एका दिशेनं, मग उलट. एका बाजूनं गुळगुळीत आणि उलट बाजूनं करवतीसारखं खरखरीत लागलं तर त्यानं पायऱ्या धरल्यात. मग हँडलमध्ये जी थरथर येते म्हणालीस, तिचं कारण तेच असू शकतं. नवा टायर घालूनही थरथर राहिलीच तर हँडलचे बेअरिंग बघायला सांग.

आता घ्यायचा कुठला. तुझे मित्र रेसच्या ट्रॅकवाला मऊ टायर सुचवतायत. त्यांची हौस मला कळते, पण तो टायर तापल्यावर धरतो, आणि कोयनानगरच्या पुढं धुक्यात, पावसात, तिसऱ्या गिअरवर तो तापणार कधी? तुझं जाणं-येणं काय आहे ते बघ. बेंगळुरू ते कराड पावणेसातशे-सातशे किलोमीटर, बहुतेक सगळा चार-सहापदरी हायवे, गाडीवर पेट्या लावलेल्या. मग इथून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली उतरून चिपळूणला आजोळी. अशा कामाला स्पोर्ट-टूरिंगचा टायर. मधला पट्टा कडक रबराचा, म्हणजे हायवेवर लवकर घासत नाही. दोन्ही खांदे मऊ, म्हणजे वळणावर पकड मिळते. आणि पाणी बाहेर फेकायला खाचा जास्त. मिशेलिनचा रोड ६, पिरेलीचा एंजल जीटी २, मेट्झेलरचा रोडटेक ०१, ब्रिजस्टोनचा टी३२, यांतला जो ताजा मिळेल तो घे. यांच्यात डावं-उजवं करत रात्र घालवू नकोस. जुन्या तारखेच्या उत्तम टायरपेक्षा नव्या तारखेचा दुसऱ्या पसंतीचा बरा. मात्र दोन्ही चाकांना एकाच जातीचे घाल.

माप बदलायचं नाही. पुढं १२०/७० झेडआर १७, मागं १९०/५० झेडआर १७. दुकानदार म्हणेल १९०/५५ स्टॉकला आहे, गाडी वळणात चपळ होते. होते, कारण मागची बाजू उंच होते. तुझा या गाडीवर हात अजून बसायचाय, तेव्हा नको. मापाच्या पुढं ७३डब्ल्यू असतं ना, त्यातला ७३ म्हणजे तो टायर ३६५ किलो पेलतो आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७० पर्यंत टिकतो. त्या डब्ल्यूची परीक्षा तू घेणार नाहीस हे मी गृहीत धरतो. पण वजनाचा आकडा खरा आहे. गाडीच सव्वादोनशे किलोच्या वर, त्यात तू, पेट्या आणि तुझ्या आईनं परतताना भरलेलं सामान.

आम्ही एसटीत टायरला रबर चढवून पुन्हा पळवायचो. घासलेला टायर रिट्रेडिंगला जायचा आणि नव्यासारखा होऊन यायचा. मागच्या धुरीला दोन्हीकडे जोडी असते, एक बसला तर दुसरा गाडी सांभाळून नेतो. मोटरसायकलला ती सोय नाही. रस्त्याला टेकलेलं रबर मागं-पुढं मिळून दोन तळहातांएवढं. कुणी ‘स्वस्तात रबर चढवून देतो’ म्हणालं तर तिथून निघून ये.

बसवताना तिथं उभी राहा. बाणाची दिशा बघ, व्हॉल्व्ह नवा घालायला लाव (तेवढ्या पैशांसाठी घासाघीस करू नकोस), आणि बॅलन्सिंग केल्याशिवाय चाक गाडीवर चढवू देऊ नकोस. नव्या टायरवर कारखान्याची चकाकी असते. पहिले शे-दीडशे किलोमीटर जोराचा ब्रेक नाही, जोराचं वळण नाही. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी बसवून थेट हायवेला लागायचं नाही. निदान आठवडाभर आधी बसव आणि ऑफिसला त्याच गाडीनं जा.

हवा. पुढं ३६, मागं ४२, स्टिकरवर लिहिलेलं आहे, आणि ते थंड टायरचं. पंपावरचा पोरगा सवयीनं पुढं २५, मागं ३० भरतो. त्याच्या भरवशावर राहू नकोस, हवा मोजायचा स्वतःचा गेज घे. सकाळी पार्किंगमध्येच, गाडी सुरू करायच्या आधी बघायचं. दुपारी चित्रदुर्गच्या उन्हात तोच आकडा चार-पाचनं चढलेला दिसेल. तो चढणारच. तिथं हवा सोडलीस तर रात्री थंड झाल्यावर टायर बसलेला असेल, आणि कमी हवेचा टायर आतून तापतो, फाटतो तो त्यामुळं. नायट्रोजन फुकट मिळाला तर भर. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

चेनचं मात्र तुला दाखवलेलं विसरलीस असं दिसतंय, कारण फोटोत मागच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रावर, काळा चिखल आहे. मागचं चाक उचलून धरणाऱ्या पॅडॉक स्टँडवर गाडी घे, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल नको, कडक तारेचा ब्रश नको, आतल्या ओ-रिंग (रबरी कड्या) खराब होतात. चाक हातानं मागं फिरवत चेन पुसून कोरडी कर. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसणारे महाभाग गॅरेजात भेटतील. त्यांच्या हातांची बोटं मोज. मग लूब, म्हणजे चेनचं वंगण, चेनच्या आतल्या बाजूनं. गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना लावलं की चांगलं झिरपतं. रात्रभर राहू दे, सकाळी जास्तीचं पुसून टाक, नाहीतर तेच उडून टायरवर जातं. लांबच्या प्रवासात दर पाचशे-सहाशे किलोमीटरला एकदा, म्हणजे येताना हुबळीच्या मुक्कामी छोटा डबा जवळ असू दे. चेनचा ढिलेपणा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरप्रमाणे. ताणून ताठ करू नकोस. पेट्या भरून तू वर बसलीस की ती आणखी ताणते.

ब्रेक ऑइल विकणाऱ्यानं बदललेलं नसणार, असंच समज. ते हवेतलं पाणी ओढतं, दोन वर्षांनी बदलावं लागतं, आणि घाट उतरताना तापलं की लिव्हर मऊ पडतो. ते या खेपेला करूनच घे. पॅड, बल्ब, इंजिन ऑइल सर्व्हिसिंगला होईल. सामान भरलं की मागच्या स्प्रिंगचा नॉब फिरवून घट्ट कर, नाहीतर दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

पंक्चरच्या पट्ट्या, टोच्या आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप बरोबर ठेव. पट्टी फक्त मधल्या जाड भागात. कडेच्या भिंतीला भोक पडलं तर पट्टी मारून पुढं यायचं नाही, गाडी टेम्पोत घालून आण, पैसे मी देतो. कागलपासून सहापदरीचं काम चाललंय, वळवलेल्या रस्त्यांवर खडी आहे. तो टप्पा उजेडात येईल असं बघ.

टायर बसवल्यावर नव्या चार आकड्यांचा फोटो पाठव. एका वर्षापेक्षा जुना माल घेणार नाही, असं दुकानदाराला पैसे देण्याआधी सांग.

तुझे,
आप्पा

ता. क. माझी साखर वाढलीय म्हणून आई म्हणते म्हैसूरपाक आणू नकोस. तरी एक किलो आण. डाव्या पेटीत टाक. उजवीकडे पंप आणि हत्यारं असणार, दोन्हीकडचं वजन सारखं राहिलं पाहिजे.