'खरीप'चं 'खरीफ' करू नका

संपादक साहेब, नमस्कार.

मागे तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं की 'खरीप' हा गावठी उच्चार आहे, मूळ अरबी शब्द 'खरीफ', तोच शुद्ध. तेव्हापासून बघतोय, शेतीच्या पानावर पण मधूनमधून 'खरीफ' दिसायला लागलंय. मला हे अजिबात पटलं नाही. यावल तालुक्यात आमची कपाशी आणि केळी, आजोबांपासून सगळे खरीपच म्हणत आलेत.

मूळच पाहिजे तर त्यातला 'ख' पण अरबांसारखा घशातून काढा, आणि अर्थ पण मूळचा घ्या ना. अरबीत खरीफ म्हणजे पानगळीचा ऋतू आणि रबी म्हणजे वसंत. पीक हाताशी कधी येतं त्यावरून सारावसुलीच्या फारसी दप्तरात ही नावं होती, १६०१ ला अकबरानं बऱ्हाणपूरजवळचा असीरगड किल्ला घेतला त्याच्या आधी आमच्या खानदेशात फारुकी सुलतानांचं राज्य होतं, तेव्हापासून इकडे फारसीचा वावर. पण आपण काय म्हणतो, मृग लागला की खरीप सुरू झाला! म्हणजे शब्द कापणीवरून सरकून पेरणीवर आला. आमच्या गल्लीतला एक पोरगा ओमानला सलालामध्ये कामाला आहे, तो सांगतो तिकडे जून ते सप्टेंबर जे धुकं आणि झिमझिम पाऊस असतो, डोंगर हिरवेगार होतात, त्यालाच तिथले लोक खरीफ म्हणतात. सुदानमध्ये पण पावसाळ्याला खरीफच. अरबी बोलणाऱ्यांचाच एक अर्थ नाही तर शुद्ध कुठला धरायचा?

'हंगाम' पण फारसीच, तिथे तो नुसता वेळ, काळ. आपण त्याचा पिकाचा मोसम केला, त्यावरून 'हंगामी' नोकरी आली, आणि हिंदीत त्याच घरातला 'हंगामा' म्हणजे गोंधळ.

सगळ्यात जीव लागतो तो 'गरीब' या शब्दाला. अरबीत गरीब म्हणजे परका, अनोळखी माणूस, तुर्कीत तोच शब्द विचित्र या अर्थानं वापरतात, आपल्याकडे पैसा नसलेला, आणि त्याच्याही पुढे जाऊन शांत, कोणाला न मारणारा. वडील एकदा खंडव्याकडच्या व्यापाऱ्याला बैल दाखवत होते, म्हणाले "भाऊ, बैल एकदम गरीब शे", तर तो बिचारा बैलाच्या बरगड्या बघायला लागला, त्याला वाटलं खायला मिळत नसेल. आता यात चूक वडिलांची का? बैलाला गरीब म्हणायला किती पिढ्यांची माया लागली असेल, ती कुठल्या अरबी कोशात सापडणार नाही.

पीकविम्याच्या कागदावर खरीप, कृषी सहायकाच्या तोंडी खरीप, कृषी केंद्राच्या पाटीवर खरीप. तेव्हा यंदा पेरणीच्या बातम्या येतील त्यात तुम्ही पण खरीपच छापा, ही कळकळीची विनंती.

आपला रोजचा वाचक,
यावल तालुका, जि. जळगाव