खरडून गेलेल्या मातीचा पंचनामा खोलीने करा: मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय यांस,

सविनय नमस्कार.

मी सीना नदीकाठचा शेतकरी आहे. सप्टेंबर 2025 च्या पुरात माझ्या शेतातील काळी माती वाहून गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाख रुपये देण्याची घोषणा शासनाने ऑक्टोबरमध्ये केली, तेव्हा मला खरोखर धीर आला होता. रोख मदत मिळाली. माती भरण्याच्या कामासाठी मात्र तालुक्याच्या कार्यालयात गेलो की प्रत्येक वेळी नवा कागद मागितला जातो, आणि शेत तसेच उघडे पडून आहे.

वाहून गेले ते काय होते, हे त्या कार्यालयात कोणाला ठाऊक असेल असे मला वाटत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर थिजून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. पावसाच्या पाण्यात हवेतील कर्बवायू मिसळून ते किंचित आम्लधर्मी होते, ते पाषाणाच्या फटींत मुरते, त्यातील खनिजे हळूहळू विरघळवते, आणि आमच्या कमी पावसाच्या मुलखात कॅल्शियम-मॅग्नेशियम पूर्ण धुऊन जात नसल्यामुळे त्यांतून ओल धरणारी चिकण माती घडते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, वरचा भुगा त्या भेगांत उतरतो, पावसात ती फुगते, आणि अशा रीतीने ही माती स्वतःलाच खालीवर करीत राहते. मुळे, गांडुळे, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे जीव तिच्यात कुजलेला पालापाचोळा मिसळतात, तेव्हा कुठे तिला वापसा, म्हणजे ओल आणि हवा यांचा पिकाजोगा मेळ, येण्याचा गुण लाभतो. दोन-तीन सेंटिमीटर थर तयार होण्यास हजार वर्षेही लागतात. माझ्या शेतातून फूटभर गेला, तोही एका पावसाळ्यात.

आता शासनाच्या मदतीचा हिशेब पाहा. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि एक हेक्टरवरील एक फूट माती म्हणजे सुमारे 1,076 ब्रास. रोख मदत ब्रासला 44 रुपयेही पडत नाही, आणि दोन्ही रकमा हाती आल्या तरी आकडा सव्वातीनशेच्या आतच राहतो. एवढ्या पैशांत माती खणणे, भरणे, वाहणे आणि पसरणे कसे बसवायचे, हे मला आपल्याच अभियंत्यांनी समोर बसून मांडून दाखवावे. धरणाचा गाळ आणून टाकला तरी तो लगेच शेतमाती होत नाही. त्यात शेणखत, ताग-धैंचा यांसारखी हिरवळीची खते आणि कित्येक हंगाम घालावे लागतात. तोवर माझ्या घराने काय खायचे?

आणि हे दुखणे माझ्या बांधापाशी संपत नाही. जगातील वनस्पती आणि वातावरण यांत मिळून जेवढा कर्ब आहे, त्याहून अधिक मातीत साठलेला आहे. पाऊस मुरवून विहिरींना पाणी देते ती मातीच. माझी माती सीनेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत गेली. वाटेत तिचा गाळ बंधाऱ्यांच्या आणि धरणांच्या तळाशी बसतो आणि त्यांची साठवण घटवतो. म्हणजे एकाच पुरात शेतही गेले आणि पाण्याची जागाही गेली.

तरीही व्यवस्थेला माती दिसते ती गौण खनिज म्हणून, रॉयल्टी आकारण्यापुरती. 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका दिल्या जातात. माझ्या पत्रिकेत नत्रापासून सेंद्रिय कर्बापर्यंत 12 बाबी नोंदल्या आहेत, पण शेतात माती किती खोल आहे याचा रकाना त्यात नाही. मग किती गेली, हे पंचनाम्यात कोण आणि कशाच्या आधारे लिहिणार? 1972 च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली, बांध घातले. त्या बांधांची निगा राखणे हे कोणाचेच काम उरलेले नाही. नदीकाठची झाडी तुटली, पात्रातील वाळू उपसली गेली, ओढे बुजवून त्यांवर नांगर फिरला. यात आम्ही शेतकरीही आहोत. परंतु परवाने, नोंदी आणि दंड शासनाच्या हाती होते, आणि ते हात वर्षानुवर्षे हलले नाहीत.

माझी मागणी स्पष्ट आहे. खरडलेल्या प्रत्येक गटाचा पंचनामा खोली मोजून पुन्हा करावा आणि मदत हेक्टराबरोबर ब्रासवरही ठरवावी. माती भरण्याची रखडलेली कामे मृगाच्या आत सुरू करावीत, गाळ तपासूनच द्यावा, आणि काठावर वाळा, बांबू, करंज लावण्याचे काम त्याच मंजुरीत धरावे. कोणत्या गावाचे काम कोणत्या टेबलावर अडले आहे, त्याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. या पत्राचे उत्तर मला लेखी आणि तारखेसह हवे आहे.

आपला,
सीनाकाठचा एक शेतकरी