दाखल्यावरचा ‘शिंपी’

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

जातवैधतेच्या अर्जासाठी तुझ्या आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची नक्कल सोबत धाडली आहे. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात आणि हा त्याच्या बराच आधीचा आहे. जातीच्या रकान्यात निळ्या शाईने नुसते ‘हिंदू शिंपी’ लिहिले आहे, आपण ‘नामदेव शिंपी’ म्हणवतो त्यातला ‘नामदेव’ शब्द नाही. त्यावरूनच तू परवा विचारलेस की आपण मुळात कोण, आणि मेळाव्यात सांगतात तसे परशुरामाच्या भयाने तलवार टाकून सुई धरलेले क्षत्रिय आहोत का.

ती कथा मीही लहानपणी ऐकली. कापड रंगवणारे भावसार तीच कथा हिंगलाज मातेच्या आश्रयाची जोड देऊन सांगतात. मला तिच्यात इतिहासापेक्षा मानाची भूक अधिक दिसते. 1901 च्या जनगणनेत जनगणना आयुक्त रिस्लेसाहेबांनी जातींची प्रतिष्ठेनुसार उतरंड लावायला घेतली, तेव्हा वरची पायरी मिळावी म्हणून देशभरातून किती जातींचे अर्ज गेले! आपल्याच लोकांना दोष कशाला द्यायचा?

आपल्याजवळ याहून जुना पुरावा आहे आणि तो खुद्द नामदेवांचा आहे. (आपण सारे त्यांचे वंशज नव्हे, नाव मात्र त्यांचे लावले.) शिंप्याच्या कुळात जन्म झाल्याचे ते अभंगात स्वतःच सांगतात आणि सुई, कातर, कापड मोजायचा गज, दोरा असा सगळा पसारा देवापुढे मांडतात. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदे आहेत. तिथे मन हा गज होतो आणि जीभ ही कात्री. गंमत अशी, की तिथे ते स्वतःला ‘छीपा’ म्हणवतात, म्हणजे कापडावर छाप उठवणारा, आणि म्हणूनच पंजाब-राजस्थानातले छीपेही नामदेवांना आपलेच मानतात. शिवणारे, रंगवणारे आणि छापणारे यांच्यातल्या भिंती आपण आज समजतो तेवढ्या पक्क्या कधीच नसाव्यात, असे मला त्यावरून वाटते.

त्याच ग्रंथातले आणखी एक पद आहे. हसतखेळत देवळात गेलेल्या नाम्याला भजन करता करता धरून उठवतात, आणि तो देवाला विचारतो की मला छीप्याच्या घरी जन्माला का घातलेस. आपल्या मेळाव्यांत हे पद कोणी म्हटलेले मी आजवर ऐकले नाही. पंढरपूरच्या महाद्वारातल्या नामदेव पायरीला हात लावून आपण कपाळी लावतो, पण त्यांना देवळातून उठवल्याचे हे पद आठवत नाही. क्षत्रियत्वाची कथा सांगणाऱ्यांना ते अडचणीचे होत असावे.

अर्जात दाखल्यावर आहे तेच लिही, पदरचा शब्द घालू नकोस. आजोबांचा लोखंडी गज अजून मशीनच्या खणात आहे. मधल्या खुणा बोटांनी झिजून गेल्या आहेत. दिवाळीला येशील तेव्हा तो घेऊन जा.

तुझे,
बाबा