शून्य ते साठ, पण कुठल्या मोडमध्ये?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या ऑटो पुरवणीत टोयोटा राव४ (RAV4) प्राइम आणि मित्सुबिशी आउटलँडर पीएचईव्ही या दोन प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बाहेरून चार्ज होणाऱ्या बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या, एसयूव्हींची तुलना आली होती, ती मी इथे अमेरिकेत ऑनलाइन वाचली. मायलेज, चार्जिंग, सीट हे सगळं छान मांडलंय, पण पिकअपच्या, म्हणजे थांबलेल्या गाडीला ताशी ६० मैल वेग गाठायला लागणाऱ्या वेळेच्या, चौकटीत राव४ समोर ५.७ सेकंद, आउटलँडर समोर साधारण ७, आणि खाली "पिकअपमध्ये राव४ विजयी" एवढी एकच ओळ. आकडे चुकलेत असं माझं म्हणणं नाही, टोयोटा स्वतःच ० ते ६० मैलांना ५.७ सांगते आणि इथल्या मासिकांच्या टेस्टमध्ये आउटलँडर साडेसहा ते सातच्या दरम्यान येते. माझं म्हणणं असं की ते ५.७ सेकंद गाडी कुठल्या मोडमध्ये असताना मिळतात तेच लेखात नाही, आणि प्लग-इन हायब्रिडमध्ये सगळा खेळ त्यावरच आहे.

आमच्याकडे राव४ प्राइम आहे, ती चालवणाऱ्याला हे लगेच कळतं. बॅटरी चार्ज असली की बटन दाबल्यावर गाडी आपोआप ईव्ही (नुसत्या विजेच्या) मोडमध्येच सुरू होते, आणि त्या मोडमध्ये तुम्ही पॅडल पार तळापर्यंत दाबलं तरी इंजिन चालू होत नाही, फक्त मोटरवरच पळते, अगदी ताशी ८० मैलांच्या वरपर्यंत. शांत, गुळगुळीत, छान वाटतं. पण तेव्हा ० ते ६० ला नऊ सेकंदांच्या आसपास लागतात!! ३०२ हॉर्सपॉवर हवी असेल तर आधी एचव्ही (इंजिन आणि मोटर मिळून) किंवा ऑटो (गरजेप्रमाणे इंजिन आपोआप चालू होणाऱ्या) मोडचं बटन दाबावं लागतं. म्हणजे एकच गाडी, एकच रस्ता, आणि एका बटनाने तीन-साडेतीन सेकंदांचा फरक, जो या दोन गाड्यांमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे. हे लेखात एका शब्दाने नाही.

कोणी म्हणेल रोजच्या रस्त्यावर शून्य ते साठ करतं कोण. आम्ही करतो. आम्ही कनेक्टिकटमध्ये स्टॅमफर्डला राहतो, इथून मेरिट पार्कवे जातो, १९४० च्या सुमाराला पूर्ण झालेला जुना रस्ता, दोन्हीकडे झाडी, ट्रकना बंदी, आणि काही ठिकाणी हायवेवर चढायचे रॅम्प इतके आखूड की टोकाला चक्क स्टॉपची पाटी आहे. तिथे गाडी पूर्ण थांबवायची, डावीकडे मान वळवून फट शोधायची आणि उभ्या गाडीतून थेट साठच्या ट्रॅफिकमध्ये घुसायचं. लिमिट ५५ चं आहे पण ते पाळतं कोण. साठच्या वेगाने मागून येणारी गाडी सेकंदाला जवळपास २७ मीटर कापते, म्हणजे साडेतीन सेकंदांत नव्वद मीटरच्या वर. माझी बायको याच रॅम्पवरून ऑफिसला जाते, मागे मुलं बसलेली असतात, त्यामुळे हा आकडा आमच्यासाठी शोभेचा नाही. रॅम्पवर यायच्या आधी बटन दाबायचं ही सवय आम्ही लावून घेतलीय, पण ज्याने फक्त ५.७ वाचून गाडी घेतली त्याला हे कोण सांगणार?

आता आउटलँडर. शेजाऱ्यांकडे आहे, मी बऱ्याचदा चालवलीय. तिची रचनाच वेगळी आहे आणि ती समजावून सांगितली असती तर लेख खूप वरचा झाला असता. पुढच्या मोटरची ११४ हॉर्सपॉवर, मागच्या मोटरची १३४, बेरीज २४८, आणि कंपनी गाडीची एकूण ताकद पण तेवढीच सांगते, कारण चाकं बहुतेक वेळ मोटरच फिरवतात. २.४ लिटरचं इंजिन मुख्यतः जनरेटरचं काम करतं, हायवेच्या वेगाला मात्र क्लच लागून ते थेट पुढच्या चाकांना जोडलं जातं. नेहमीसारखा गिअरबॉक्स नाहीच. राव४ मध्ये २.५ लिटरचं १७७ हॉर्सपॉवरचं इंजिन, पुढे १७९ ची मोटर, मागे ५३ ची, पण बेरीज ४०९ धरता येत नाही कारण बॅटरी एका वेळी तेवढा करंट देऊ शकत नाही, म्हणून ३०२. वजन बघा, राव४ १९०० किलोच्या वर आणि आउटलँडर २१०० च्या वर, सीटची तिसरी रांग आणि २० किलोवॉट-अवरची बॅटरी घेऊन. ताकद कमी आणि वजन जास्त, मग मागे पडणारच, त्यात नवल नाही. पण पॅडलवर पाय ठेवल्या ठेवल्या जो पहिला धक्का मिळतो तो आउटलँडरचा मला जास्त आवडतो, आणि नॉर्मल मोडमध्ये जोर हवा असला की इंजिन स्वतःहून मदतीला येतं, बटन शोधावं लागत नाही. माझ्या मते वेगात राव४ सरळ पुढे आहे, पण "विजयी" म्हणताना हे सांगायलाच हवं होतं.

अजून एक गोष्ट जी भारतातल्या वाचकांना नक्की गोंधळात टाकेल. हीच राव४ युरोपात ३०६ हॉर्सपॉवरची आणि ० ते १०० किलोमीटरला ६ सेकंदांची म्हणून विकली जायची. गाडी तीच आहे. ३०६ हे मेट्रिक हॉर्सपॉवरच्या, म्हणजे किंचित लहान मापातलं, आणि ६० मैल म्हणजे ९६.६ किलोमीटर, शंभर नाही. वर इथली बरीच मासिकं पहिला एक फूट सोडून घड्याळ सुरू करतात, त्यात पाव-एक सेकंद वाचतो. त्यामुळे एका गाडीचा कंपनीचा आकडा आणि दुसरीचा मासिकाचा असे शेजारी शेजारी छापले की ती तुलना राहतच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी प्लग-इन गाड्यांची तुलना कराल तेव्हा प्रत्येक गाडीचे निदान तीन आकडे द्या: नुसत्या मोटरवर, इंजिन आणि मोटर दोन्हीवर, आणि बॅटरीची रेंज संपल्यावर. ५० ते ७० मैलांचा, ओव्हरटेकला लागणारा वेळ मिळाला तर तोही छापा. आणि सुरू केल्यावर गाडी कुठल्या मोडमध्ये उठते ते चौकटीत सगळ्यात वर लिहा.

आपला एक नियमित वाचक,
स्टॅमफर्ड, कनेक्टिकट