घन मशीनवर चढवण्याआधी

भुसावळ

चि. तेजू,
अनेक आशीर्वाद.

कोळशाची ताकद दाबून मोजायचे छोटे घन आता तुझ्याच टेबलावर येणार म्हणालीस, म्हणून लगेच लिहितेय. आपल्या खानदेशातल्या काळ्या पाषाणाची सवय तिथे विसर. तो पोत्यात टाकून आणला तरी चालतो; कोळसा मात्र केळीच्या घडासारखा जपून आणावा लागतो.

ढेकूळ सुरुंगाने उडालेलं नको, त्यात न दिसणाऱ्या चिरा पडलेल्या असतात. काढल्याबरोबर खाणीच्या छताकडची बाजू खडूने बाण काढून दाखवायची आणि प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळायचं. उघडं राहिलं की ते वाळतं आणि क्लीटच्या, म्हणजे कोळशातल्या नैसर्गिक, उभ्या चिरा उकलतात. घन 25 मिमीचे काप. वरची-खालची बाजू समांतर नसेल तर आधी कोपराच उडतो आणि आकडा उगाच कमी येतो. भार थरांना काटकोनात दे, कारण पिलरवरही, म्हणजे छत पेलायला खाणीत सोडलेल्या कोळशाच्या खांबावरही, तो तसाच येतो. 15.6 किलोन्यूटनला घन फुटला, तर 625 चौरस मिमीने भागून जवळजवळ 25 मेगापास्कल.

आता खरी गोम. कापताना दहातले चार घन हातातच फुटले, तर ते चार वहीत लिही. कमकुवत कोळसा मशीनपर्यंत पोचतच नाही. तिथे पोचतात ते सगळे पैलवान, आणि आपण त्यांचीच सरासरी काढतो! मशीनवर दहा घन फोडले आणि आकडे फार पांगले, तर आणखी दहा काप. न पटणारा आकडा खोडू मात्र नकोस.

आणि 25 ही पिलरची ताकद नव्हे. धनबादच्या सिम्फर (CIMFR) या खाण-संशोधन संस्थेच्या सूत्रात घनाच्या ताकदीची 0.27 पट घेऊन ती पिलरच्या उंचीच्या (मीटरमध्ये) 0.36 घाताने भागतात. त्यात (खोली ÷ 250 + 1) × (रुंदी ÷ उंची − 1) मिळवतात. खोली 150 मीटर, उंची 3, पिलर 20 मीटरचा चौरस धर: 4.5 अधिक 9.1, म्हणजे 13.6 मेगापास्कल. घनाचा वाटा एक तृतीयांशच! गॅलरी, म्हणजे दोन पिलरमधली वाट, 4.8 मीटरची असेल तर पिलरवर वरच्या खडकाचा भार 5.8 मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे सुरक्षा गुणांक (ताकद भागिले भार) 2.36.

पण बाजू ढासळून पिलर 18 मीटरचा उरला, तर ताकद 12.5 वर येते, भार 7.1 वर जातो आणि गुणांक 1.76 होतो. म्हणून रुंदी नकाशावरून उचलू नकोस. टेप लाव, तोही दोन-तीन उंचींवर. तळाशी साचलेल्या चुऱ्यामुळे पिलर जाड दिसतो.

तुझी आई