बुधवारची उसळ आणि सातबारा

कोल्हापूर

चि. विश्वजित,
अनेक आशीर्वाद.

"आता कुठं राहिलंय आई, बायकांचं काम आणि पुरुषांचं काम," असं तू परवा फोनवर म्हणालास. तेव्हा मी विषय वाढवला नाही, कारण याचं उत्तर आकडे आणि कागद समोर ठेवूनच द्यायला हवं. तुझ्या लग्नाच्या गडबडीत वाचणं होणार नाही, तेव्हा आत्ताच वाच.

तुझं थोडं खरं आहे. पोरी शिकल्या, गाडी चालवतात, पगार आणतात, तालमीत उतरतात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदात आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. पण नीट बघ, हे बदल जिथं झाले तिथं पुरुषाच्या पदरचं काही गेलं नाही. वेळ, जमीन आणि पैशाचं खातं यांना हात लागला की गाडी अडते. आपल्याच जिल्ह्याचं बघ. कावळा नाक्यावर ताराराणीचा पुतळा आहे, त्याचा अभिमान सगळ्यांना. आणि 2001 च्या जनगणनेत याच जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं मुली होत्या 839.

आधी वेळेचं बघू. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत 2019 साली स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला 299 मिनिटं जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषाची 97. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच शंभरात 26 होते. 2024 च्या पाहणीत बाई 289 वर आली. म्हणशील, सुधारणा झाली की! पण पुरुषही 97 वरून 88 वर उतरला. अंतर तेव्हा 202 मिनिटं होतं, आता 201 आहे. तिचा वेळ वाचला, पण ते काम तुमच्याकडं आलं नाही.

आणि मिनिटांत न मावणारं एक काम आहे, ते म्हणजे लक्षात ठेवणं. मटकीची उसळ घे. बुधवारी सकाळी डब्यात उसळ हवी असेल तर सोमवारी रात्री निवडलेली मटकी भरपूर पाण्यात भिजली पाहिजे. मंगळवारी सकाळी पाणी पूर्ण निथळून, ओल्या फडक्यात सैल बांधून उबेला ठेवायची. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंतच मोड येतात, मग ती फ्रीजमध्ये टाकायची. थंडीत बुधवार सकाळ उजाडते. पाणी नीट निथळलं नाही तर मटकी बुळबुळीत होते आणि वास मारते. एक वाटीची मोड आल्यावर दोन-अडीच वाट्या होतात, म्हणजे दोघांना एक वाटी पुष्कळ. फोडणी, कांदा-लसूण चटणी आणि शिजणं मिळून काम अर्ध्या तासाचं, पण डोकं त्यात सोमवारपासून गुंतलेलं. बुधवारी सकाळी "काय मदत करू?" म्हणून ओट्याशी उभा राहणाऱ्याला फार तर कांदा चिरायला मिळतो. सोमवारची आठवण, मंगळवारचं निथळणं आणि संपलेली चटणी हे तिच्याकडंच राहतं.

म्हणून कामं वाटताना तुकडे पाडू नका. आठवड्यातल्या तीन दिवसांचा डबा तुझा असेल, तर काय करायचं हे ठरवण्यापासून कढई घासेपर्यंत तुझा. गॅस सिलिंडर, दूध, कामवाल्या मावशींचा पगार आणि सुट्टी यांचंही तसंच. पहिला महिना भाजी खारट होईल, डाळ कच्ची राहील. त्या महिन्यात तिनं पुढं होऊन ते हातातून काढून घेतलं की वाटणी मोडली. बहुतेक घरांत ती इथंच मोडते, आणि मग "त्याला जमतच नाही" हे कायमचं ठरून जातं.

आता जमीन. हे जास्त महत्त्वाचं, कारण यात तुझी ताई आहे.

हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानंच वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकी वाटेकरी झाली. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. समज दीड एकर म्हणजे 60 गुंठे रान आहे आणि वडिलांच्या मागं आई, मुलगा, मुलगी आहेत. प्रत्येकी 20 गुंठे. लग्नात खर्च केला म्हणून मुलीचे गुंठे कमी होत नाहीत.

गावात होतं काय? मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडं वारसाचा अर्ज द्यायचा असतो. गाव नमुना 6-क म्हणजे वारसांच्या नोंदवहीत वारस चढतात, मग फेरफार म्हणजे बदलाची नोंद, पंधरा दिवसांची नोटीस, आणि मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित केल्यावर सातबारावर नावं येतात. काही जण अर्जातच बहिणीचं नाव लिहीत नाहीत. मग अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं आणि पुढं विक्री किंवा कर्जाच्या वेळी अंगाशी येतं. बाकीचे रीतसर जातात: भाऊबीजेला साडी आणि त्याच आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोड पत्रावर सही. साध्या कागदावरच्या सहीनं किंवा तलाठ्यापुढच्या जबाबानं हक्क सुटत नाही, दस्त नोंदवावाच लागतो. पण एकदा नोंदवला की फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध केल्याशिवाय परत फिरत नाही. बहिणी सही करतात ती कायदा कळत नाही म्हणून नव्हे, माहेर तुटेल या भीतीनं.

तू ताईपुढं तो कागद ठेवू नकोस. पाहुणे सुचवतील, तरी नाही. तिचं नाव राहिलं म्हणून नांगर थांबत नाही. रान तू कस, खर्च वजा जाता उसाच्या बिलातला तिचा वाटा लेखी ठरवून तिच्या खात्यावर टाक.

दुधाचंही असंच आहे. पहाटे शेण काढणं, वैरण, धार बाईची. दूध संस्थेचं सभासदत्व मात्र बाप्याच्या नावावर, म्हणून दहा दिवसांचं बिल त्याच्या खात्यात आणि संस्थेच्या निवडणुकीतलं मतही त्याचंच. संचालक मंडळात दोन जागा महिलांना राखीव असतात, तिथं बसायला बाई आधी सभासद तर हवी!

तुमच्या फ्लॅटचं एक राहिलं. महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे; नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. पण हप्ते दोघं भरणार असाल तर एका टक्क्यासाठी कुणा एकाचं नाव वगळू नका. करारात दोघांचे हिस्से टक्क्यांत लिहून घ्या, आणि तिनं मध्ये बाळंतपणासाठी नोकरी सोडली तरी तिचा हिस्सा तेवढाच राहील हेही आत्ताच बोलून ठेवा. मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठव.

तुझी,
आई